ऑडिटच्या पेपरातला सहावा प्रश्न

अवरेकाई संपत आली की बेंगळुरातल्या आमच्या बसवनगुडीत परीक्षेचे दिवस लागतात. अवरेकाई म्हणजे तुमच्या पावट्यांचीच जात. संक्रांतीच्या आगेमागे इथे घरोघर तिचीच उसळ, तिचंच सांबार, आणि दारापुढे सोललेल्या सालांचे ढीग. ते ढीग कमी होतात, सकाळचं धुकं विरळ होतं, आणि शेजारची मुलगी गच्चीवर फेऱ्या मारत मोठ्यानं घोकायला लागते. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. काल तिचे शब्द माझ्या कानावर आले: वर्षअखेरचा माल, मालाची तपासणी, ऑडिटरची जबाबदारी. एक वाक्य चुकीचं घोकत होती. माझा स्वभाव गप्प बसण्याचा नाही, मी कठड्यावरून तिला ते सांगितलं. "अज्जी, पुस्तकात असंच दिलंय," ती म्हणाली. पुस्तकापुढे कुणाचं चालतं? हा विषय मी जन्मभर शिकवला, हे तिला ठाऊक नाही, आणि मीही सांगितलं नाही.

मग दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीचा तो हिवाळा, म्हणजे कार्तिकातल्या शेंगदाण्यांच्या जत्रेपासून शिवरात्रीपर्यंतचे दिवस, डोळ्यांपुढून हलेना. त्या दिवसांवर माझं प्रेम आहे असं म्हणवत नाही. पण माझं पुढचं सगळं आयुष्य त्यातूनच निघालं.

तेव्हाच्या बेंगळुरात सकाळी स्वेटर लागायचा. कॉलेज सातला भरायचं. आम्ही दोघी मुली पुढच्या बाकावर, मागे सगळे मुलगे, आणि खिडकीबाहेर गुलाबी फुलांनी भरलेलं, एकही पान नसलेलं झाड. वर्गात शाईचा, ओल्या लोकरीचा आणि कुणीतरी खिशात आणलेल्या शेंगांचा वास असायचा. इतर प्राध्यापक वह्या उघडून टिपणं सांगायचे, आम्ही मान खाली घालून लिहायचो. श्यामराव सर आले की मात्र माना वर व्हायच्या.

श्यामराव सर बेळगावकडचे. पांढरं धोतर, काळा कोट, काळी टोपी, आणि कोटाच्या खिशात हिरवी पेन्सिल. सकाळी सात ते दहा आमचं कॉलेज, त्यानंतर चिकपेटेतल्या एका जिन्यावरच्या खोलीत त्यांचं स्वतःचं ऑडिटचं ऑफिस. तेव्हा ही रीतच होती. ऑडिट शिकवणारे बहुतेक जण सकाळी मास्तर आणि दुपारी चार्टर्ड अकाउंटंट असत. कॉलेजच्या पगारात घर चालत नसे, आणि ऑफिसात शिकवण्याची हौस भागत नसे. लोक म्हणत, दोन दगडांवर पाय ठेवलाय. सर म्हणत, "ठेवलाय की. पण दोन्ही दगड एकाच नदीतले आहेत बघा."

ऑडिटरचा सोवळेपणा त्यांनी आम्हाला आधी शिकवला, कायदा नंतर. ज्याच्या वह्या तपासायच्या त्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही, सणाची मिठाई घ्यायची नाही. ते स्वतः कामावर जाताना पाण्याचा फिरकीचा तांब्या बरोबर नेत. मुलं पाठीमागे त्यांना 'तांब्या' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

पण त्यांचा तास रंगायचा तो गोष्टींमुळे. दुपारी ऑफिसात जे भेटे, ते सकाळी वर्गात येई. दुधाच्या सोसायटीच्या वहीत सात जणांच्या सह्या एकाच हाताच्या. गोदामाच्या यादीत चाळीस पिंपं, आणि निम्म्यांत नुसतं पाणी. नाव बदललेलं, गाव बदललेलं, माल बदललेला. "कंपनीचं धोतर काढून तिला पँट घातलीय," ते म्हणत, "आता ओळखा, चूक कुठं आहे." आम्ही चूक ओळखायचो, आणि मधल्या सुट्टीत मुलं कंपनीही ओळखायचा प्रयत्न करायची. तो एक खेळच होता. त्या खेळात काही गैर आहे असं आमच्या मनातही आलं नाही, आणि सरांच्याही आलं नसावं. पुस्तकातलं तत्त्व गोष्टीशिवाय डोक्यात राहत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. ते खरंच आहे.

आता आमच्या घराकडे येते. आम्ही इथले जुने. तीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. आमची मराठी पुण्याच्या माणसाला अर्धी कळते, उरलेली कन्नड. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा, म्हणजे केशवराव, येलहंक्याच्या एका कापडाच्या मिलमध्ये स्टोअरकीपर होते. सुताच्या गासड्या त्यांच्या ताब्यात. कुठल्या रांगेत कुठल्या नंबरचं सूत आहे हे ते झोपेत सांगू शकले असते. पहाटेच्या गाडीनं जायचे, दिवेलागणीला परत. मला शिकवायचं हे त्यांनी मी लहान असतानाच ठरवलं होतं, आणि नातेवाईक काहीही म्हणोत, ते त्यावरून हलले नाहीत.

त्या वर्षी कार्तिकातला पाऊस लांबला. जत्रेतल्या शेंगासुद्धा ओल्या निघाल्या. त्यानंतर काही दिवसांनी घरातली लोखंडी शेगडी दिसेनाशी झाली. आईनं विचारलं तर अण्णा म्हणाले, "मिलमध्ये वॉचमनला थंडी वाजते, म्हणून दिली."

"वॉचमनला थंडी, आणि आपल्याला काय ऊन लागलंय?" आई म्हणाली. पण ती बंबाच्या जाळावरच हात शेकू लागली.

अण्णांच्या कोटाला धुराचा वास यायला लागला. जेवताना ते मध्येच थांबत. आणि एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत: "परीक्षा कधी संपते ग तुझी?" मी चिडायचे. परीक्षा मला होती आणि दिवस ते मोजत होते. त्यांना काय झालंय हे मी विचारलं नाही. वडिलांना असं विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

फेब्रुवारीत कॉलेजची पूर्वपरीक्षा. आम्ही तिला प्रिपरेटरी म्हणायचो. ऑडिटचा पेपर सरांनीच काढलेला. सहावा प्रश्न वाचला आणि माझ्या हातातलं पेन निबेवर पडलं.

प्रश्न इंग्रजीत होता. मराठीत सांगते. होसकोट्याचा एक कागदाचा कारखाना. वर्षअखेरीला ऑडिटर गोदाम पाहायला जातो. पुढच्या रांगांतला माल कोरडा आहे. ऑडिटर मागच्या रांगेत हात घालतो तर कागद ओला, बुरशी आलेला. छप्पर गळलंय. अनेक वर्षांच्या सेवेत एकही डाग नसलेला स्टोअरकीपर कबूल करतो की चांगला माल त्यानंच पुढे रचला, आणि मागचा माल तो घरून आणलेल्या शेगडीवर गुपचूप वाळवत होता. तो म्हणतो, मालकाला मी सांगणारच होतो, फक्त माझ्या मुलीची परीक्षा होऊन जाऊ द्या असा विचार केला. ऑडिटर या नात्यानं तुम्ही काय कराल?

होसकोटं येलहंक्याच्या जागी आलं होतं आणि कागद सुताच्या जागी. शेगडी मात्र आमच्याच स्वयंपाकघरातली होती. आणि मुलगी मीच होते.

ती मुलगी आपल्याच वर्गात आहे हे सरांना कळायला काही मार्ग नव्हता. आमच्याकडे आडनाव लावत नाहीत. वडिलांच्या नावाचं एक अक्षर पुढे आणि मग आपलं नाव. हजेरीपटावर मी 'के. शारदा'. पुण्यात असते तर आडनावावरून सर थबकले असते. इथे 'के' म्हणजे कृष्णप्पाही असू शकतो आणि केंपय्याही. कॉलेजात मी कन्नडच बोलायचे, त्यामुळे मी मराठी घरातली आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. प्रश्नातली मुलगी समोरच्या बाकावर बसून तो सोडवते आहे, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

मला प्रथम राग आला तो अण्णांचा. मग लाज वाटली, आणि मग त्या ओल्या गोदामात शेगडी फुंकत एकटे बसलेले अण्णा दिसले आणि रडू आलं. पर्यवेक्षकांनी विचारलं, बरं नाही का? मी मान हलवली आणि उत्तर लिहिलं. पाच प्रश्न सोडवायचे होते, हा सोडून देता आला असता. मी सोडला नाही.

अण्णांच्या मिलचं ऑडिट सरांकडेच होतं, आणि डिसेंबरअखेरीला गोदामात खरं काय घडलं ते मला नंतर कळलं. ओल्या गासडीवर हात ठेवून सर अण्णांना म्हणाले होते, "मालाची किंमत मी कमी करून घेणारच, त्यात सुटका नाही. पण मालकांना हे माझ्या तोंडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू दे. आज जा." अण्णा त्याच दिवशी गेले. मालक खूप बोलले, मग म्हणाले, छप्पर आधी दुरुस्त करा, आणि विषय संपला. मालक, सर आणि अण्णा, तिघांत राहिलेली गोष्ट होती ती. सर त्या दिवशी ऑडिटर म्हणून जसे वागले तसं वागायला फार थोड्यांना जमतं. इतक्या चांगल्या वागण्याची गोष्ट मुलांना सांगावीशी वाटली, तिथेच ते चुकले.

पेपर झाल्यावर सहाव्या प्रश्नाचीच चर्चा. शेगडीवाला स्टोअरकीपर मुलांना फार आवडला. कुणी त्याची नक्कल करी, कुणी फुंकणी फुंकल्यासारखं करून दाखवी. मी बाजूनं निघून जायचे. वर्गात येलहंक्याचा एक मुलगा होता, त्याचा मामा त्याच मिलमध्ये. मामाला त्यानं प्रश्न सांगितला आणि मामानं कपाळावर हात मारला. मिलच्या वॉचमननं ती शेगडी पाहिली होती. दोन दिवसांत मिलमध्ये अण्णांना पाठीमागून 'शेगडी' म्हणायला लागले. अण्णांनी घरी काही सांगितलं नाही.

परीक्षेची फी भरायला ते एक दिवस कॉलेजात आले. व्हरांड्यात उभे होते, छत्री हातात, टोपी नीट बसवत. मी त्यांच्याकडे निघाले तेवढ्यात मागून त्या मुलाचा आवाज आला, "लो, नोडो! शेगडी!" अरे बघा, शेगडी. चारपाच जण हसले.

त्याच वेळी श्यामराव सर वर्गातून बाहेर आले. काखेत आमच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. त्यांनी हसणं ऐकलं, समोर मिलचे स्टोअरकीपर पाहिले, आणि मी "अण्णा, इकडे या" म्हणाले तेही ऐकलं. सरांचा चेहरा असा उतरला की मला त्यांचीच काळजी वाटली. त्यांनी गठ्ठा खाली कठड्यावर ठेवला आणि अण्णांना हात जोडले. अण्णांनीही जोडले. अण्णा फी न भरताच परत गेले.

दुसऱ्या दिवशी ते मिलला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. "नोकरी सोडतो," एवढंच आईला म्हणाले. नोकरी गेली की माझी परीक्षाही गेली, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. आई देवापुढे बसून राहायची. अण्णा दिवसभर मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसत, आणि मी तिथे आले की उठून बाहेर जात. माझ्याकडे ते बघतच नव्हते. मला वाटलं, पेपर माझ्या सरांनी काढला म्हणून माझ्यावर रागावलेत.

शनिवारी सर वर्गात आले ते नेहमीसारखे टेबलावर टेकले नाहीत, खुर्चीमागे उभे राहिले. "सहावा प्रश्न मी रद्द करतोय," ते म्हणाले. "त्याचे मार्क सगळ्यांना पूर्ण मिळतील. ऑडिटर कामावर जे पाहतो ते त्याच्या मालकीचं नसतं. ते मी तुमच्यापुढे उघडलं. नावं बदलली की झाकलं जातं असं मला वाटत होतं. तसं होत नाही. आजवर ज्या गोष्टी मी सांगितल्या त्या सगळ्यांतच मी ही चूक करत आलो. ज्या माणसाला तुम्ही हसलात त्यानं आपली चूक स्वतः जाऊन मालकाला सांगितली होती. हे मी प्रश्नात लिहिलं नव्हतं." येलहंक्याचा मुलगा खाली बघत होता. वर्ग संपायच्या आत सर निघून गेले, हजेरी न घेता.

त्या उन्हाळ्यात त्यांनी चिकपेटेतलं ऑफिस भागीदाराच्या स्वाधीन केलं. व्यवसायाचा परवानाही परत केला. लोकांनी वेड्यात काढलं. नाव तिथे, पैसा तिथे, आणि हा माणूस मास्तरकी धरून बसतो. त्यांचं उत्तर एकच: "एका तोंडानं ही दोन कामं होत नाहीत मला." पुढे मी एम.कॉम.ला पुन्हा त्यांच्याच वर्गात बसले, तेव्हा ते पुस्तक समोर ठेवून शिकवत होते. एकही गोष्ट नाही. मागची मुलं जांभया देत. ज्या माणसाचा तास चुकू नये म्हणून आम्ही धुक्यातून धावत यायचो, त्याचा तास लोक आता हजेरीसाठी बसून काढत. ते त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी वाट बदलली नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं, अजून वाटतं.

मी त्यांच्याच मार्गानं गेले. नेमणुकीच्या मुलाखतीत एका गृहस्थांनी विचारलं, "बाईमाणसानं ऑडिट कशाला? गोदामात शिरावं लागतं." मी म्हटलं, "मी गोदामवाल्याचीच मुलगी आहे." नोकरी मिळाली. परवाना मी कधी घेतला नाही. शिकवताना सगळे दाखले मनानं रचले, आणि रचलेल्या दाखल्यांना रक्तमांस नसतं हे मला पक्कं माहीत आहे. सर बरोबर होते की त्यांनी स्वतःला जरा जास्तच शिक्षा केली? आमच्या धंद्यात शंका असली की ती शेऱ्यात लिहायची असते. ती मी इथे लिहिली.

त्या शनिवारनंतरचा रविवार मात्र मला लख्ख आठवतो. सकाळची वेळ, आई अंगणात रांगोळी घालत होती. सर दारात उभे. पत्ता कॉलेजच्या ऑफिसातून काढला असावा. आई गडबडली, "या, या सर," म्हणून आत धावली. अण्णा पडवीतून आले आणि चटईच्या कडेला बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

"केशवराव, मी माफी मागायला आलोय," सर म्हणाले.

"माफी कशाला, सर? तुम्ही खोटं काही लिहिलं नाही की."

"खरं होतं, म्हणूनच लिहायचा मला अधिकार नव्हता. तुम्ही मला जे सांगितलंत ते ऑडिटर म्हणून. मास्तर म्हणून नव्हे."

सरांनी विचारलं, "मिलला जात नाही असं कळलं. मालक काही म्हणाले?"

"छे! मालकांनी निरोप धाडलाय, ये म्हणून. ते चांगले आहेत."

"मग पोरं हसतात म्हणून?"

"हसतात. हसू देत. दोन दिवस हसतील." अण्णा चटईची काडी उपसत होते. मग मान वर न करता म्हणाले, "सर, एक विचारू? स्वल्प संकोच वाटतो. आमच्या शारदानं त्या प्रश्नाला उत्तर काय लिहिलं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "ते मी सांगणार नाही, केशवराव. आता तर नाहीच. उत्तर तिचं आहे. तिला वाटलं तर ती सांगेल."

वाटलं, काहीतरी गोड सांगावं. पण समोर सर होते, आणि त्यांनी ते उत्तर वाचलेलं होतं. सर नसते तरी अण्णांना मी खोटं सांगू शकले नसते.

"मी लिहिलं की मालाची किंमत कमी करावी," मी म्हटलं. "मालकाला कळवावं. सुताशेजारी, म्हणजे कागदाशेजारी, शेगडी पेटवली त्यानं आग लागली असती, तेही कळवावं. स्टोअरकीपर प्रामाणिक असला तरी यापुढे त्याच्या यादीवर एकट्यावर विसंबू नये. आणि मुलीच्या परीक्षेचं कारण ऑडिटरनं धरू नये."

"अगं, काय ग हे!" आत आईच्या हातातलं भांडं पडलं.

अण्णांनी आता माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं. "तो मीच आहे हे कळून लिहिलंस?"

"हो, अण्णा. शेगडी वाचली तेव्हाच कळलं."

त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"सरी, पुट्टी," ते म्हणाले. लहानपणी मला ते पुट्टी, म्हणजे छकुली, म्हणायचे, कॉलेजात गेल्यापासून सोडलं होतं. "बरोबर लिहिलंस. मालकाला मी भ्यालो नव्हतो ग. तुला कळेल, आणि मग तू मला अण्णा म्हणताना अडखळशील, त्याला भ्यालो होतो. तुझी परीक्षा होईपर्यंत तरी कळू नये म्हणून सगळं केलं. आणि तुला परीक्षेतच कळलं, तू लिहिलंसही, आणि आत्ता मला अण्णाच म्हणालीस."

मग ते स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला म्हणाले, "उद्या डबा कर. पहाटेची गाडी धरायचीय."